लॅपटॉपचा आवाज गेला, खर्च किती येईल?

लॅपटॉपचा आवाज बंद पडला तर दुकानाचा रस्ता धरण्याआधी घरातला एखादा जुना, वायरचा हेडफोन शोधून काढा. पूर्वी मोबाइलबरोबर मिळायचा तोही चालेल. तो दुसरीकडे लावून वाजतोय याची खात्री करून घ्या आणि मग बिघडलेल्या लॅपटॉपच्या जॅकमध्ये घाला. पुढचा खर्च शून्य होणार, तीनशे होणार की पाच हजार, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

हेडफोनमधून आवाज येतोय आणि स्पीकर गप्प आहेत, तर विंडोज आणि आवाजाची मुख्य चिप ठीक आहे. दोष स्पीकरमध्ये, त्याच्या बारीक वायरीत किंवा जॅकमध्ये आहे. (काही महागड्या मॉडेलांत स्पीकरसाठी वेगळी ॲम्प्लिफायर चिप असते, तिथे दोष तिचाही असू शकतो.) उलट स्पीकर वाजतात आणि हेडफोन वाजत नाही, तर जॅक खराब. दोन्ही गप्प, पण ब्लूटूथचा हेडफोन वाजतो, तर विंडोजकडून आवाज निघतोय, मात्र लॅपटॉपच्या आतली साउंडची चिप किंवा तिचा ड्रायव्हर अडलाय. आणि ब्लूटूथवरही काहीच नाही, तर बहुधा एखादी सेटिंग चुकली आहे. अशा वेळी लॅपटॉप उघडायला कोणाच्याही हातात देऊ नका.

निकाल काय आला ते कागदावर लिहून ठेवा. दुकानात जाऊन नुसतं ‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्याला ‘बोर्ड गेलाय’ हे उत्तर सहज देता येतं. ‘जॅकमधून येतो, स्पीकरमधून येत नाही’ असं सांगणाऱ्याला तेच उत्तर देताना समोरच्याला दोनदा विचार करावा लागतो. ही एवढी माहिती हातात नसल्यामुळे लोक हजारो रुपये मोजतात, आणि त्यात पेन्शनवर जगणारी माणसं असतात, हप्त्यावर लॅपटॉप घेतलेले विद्यार्थी असतात. म्हणूनच हे सगळं इतक्या तपशिलात लिहितो आहे.

आधी बिनपैशाची कामं

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण अगदी साधं असतं: आवाज चालू असतो, फक्त भलतीकडे जात असतो. टीव्ही किंवा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला की विंडोज आवाज तिकडे वळवतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसले तर सगळं शांत. घरातल्या दुसऱ्या खोलीत चालू राहिलेला ब्लूटूथ स्पीकरही असाच आवाज पळवतो. विंडोज ११ मध्ये उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. आवाजाच्या पट्टीशेजारच्या बटणातून यादी उघडते आणि आवाज कुठून काढायचा ते निवडता येतं. हाच पर्याय सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेनेही मिळतो. तिथेच व्हॉल्यूम मिक्सर आहे, त्यात प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा दिसतो. एकाच प्रोग्रॅमची पट्टी शून्यावर गेलेली सापडणं नेहमीचंच आहे. ब्राउझरमध्ये एखाद्या टॅबवर म्यूटची खूण बसलेली असते, तीही पाहा. आणि ऑनलाइन मीटिंगच्या ॲपांत स्पीकर आणि माइक कोणता, हे ॲपच्या आत वेगळं निवडावं लागतं. विंडोजमध्ये सगळं बरोबर असूनही तिथे चुकलेलं असतं.

त्यानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा. इथे शटडाउन आणि रीस्टार्ट यांत फरक आहे. विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असली की शटडाउन करूनही ड्रायव्हरची अर्धवट स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. रीस्टार्टने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ‘चार वेळा बंद करून चालू केला’ असं सांगणाऱ्यांनी बऱ्याचदा चारही वेळा शटडाउनच केलेलं असतं.

विंडोजच्या अपडेटनंतर आवाज गेला असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. विंडोजची खूण असलेलं बटण आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, साउंडच्या गटात रिअलटेकचं किंवा तुमच्या मशीनमधल्या चिपचं नाव सापडेल. त्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू दिसत असेल तर ते दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकं असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट करा, विंडोज स्वतःहून ड्रायव्हर पुन्हा टाकतं. तरीही नाही जमलं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर टाका आणि तुमच्याच मॉडेलचा साउंड ड्रायव्हर उतरवून घ्या. हा ड्रायव्हर फुकट असतो. ‘तुमच्या मशीनचे सत्तावीस ड्रायव्हर जुने आहेत’ असं भिववून वर्षाची वर्गणी मागणारी जी सॉफ्टवेअरं असतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

हे सगळं करून झालं तरी गप्पच असेल तर एक शेवटची फुकट परीक्षा उरते. अनेक एचपी लॅपटॉपवर चालू करताना एफ २ आणि अनेक डेलवर एफ १२ दाबलं की कंपनीची स्वतःची तपासणी उघडता येते. ती विंडोजच्या बाहेर चालते. त्यात स्पीकरचा ‘टूं’ ऐकू आला तर स्पीकर आणि चिप जिवंत आहेत, दोष विंडोजमध्ये आहे. अशी सोय नसेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू घेऊन, ते इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ करून एखादं गाणं लावून पाहा. उबुंटूमध्ये आवाज आला तर तो पक्का पुरावा समजा: हार्डवेअर ठीक आहे. नाही आला तर मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण काही नव्या चिपांचा आवाज लिनक्समध्ये लगेच चालत नाही. पेनड्राइव्ह निदान आठ जीबीचा लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं.

जॅक, कापूस आणि साडेतीन हजार रुपये

माझी मावशी घरून ऑनलाइन शिकवण्या घेते. दोन वर्षांपूर्वी ऐन परीक्षेच्या दिवसांत तिच्या लॅपटॉपचा आवाज गेला. मी गावाला होतो. जवळच्या दुकानदाराने मशीन दोन दिवस ठेवून घेतलं, ‘बोर्डवर काम करावं लागलं’ म्हणून साडेतीन हजार घेतले, बिल दिलं नाही. आवाज परत आला होता, त्यामुळे तिने पैसे दिले आणि विषय संपला. आठ महिन्यांनी तोच आवाज तसाच पुन्हा गेला. या वेळी मी घरी होतो. स्क्रीनवर पाहिलं तर कुठलाही हेडफोन जोडलेला नसताना आउटपुटमध्ये ‘हेडफोन्स’ दिसत होतं. जॅकमध्ये टॉर्च मारला तर आत ओढणीच्या धाग्यांचा बारीक बोळा बसलेला. कोरड्या, मऊ ब्रशने तो काढला, हेडफोन पंधरा-वीस वेळा आतबाहेर केला आणि स्पीकर वाजू लागले. पहिल्या वेळी दुकानात नेमकं काय केलं होतं ते आता कधीच कळणार नाही. बिल असतं तर निदान विचारता आलं असतं. मावशीचे ते साडेतीन हजार आठवले की मला आजही वाईट वाटतं.

साडेतीन मिलिमीटरच्या त्या भोकाच्या आत एक बारीक स्विच असतो. पिन आत गेली की तो दाबला जातो, लॅपटॉपला कळतं की हेडफोन आला, आणि स्पीकर बंद होतात. धूळ, धागे किंवा गंज यांनी स्विच दाबलेलाच राहिला तर लॅपटॉप हेडफोन लागलाय असं धरून चालतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत जो दमटपणा असतो त्याने जॅकचे पत्रे हिरवट पडतात, आणि मग हेडफोन हलवला की खरखर, कधी एकाच कानात आवाज. काही जुन्या मॅकबुकच्या जॅकमधून तांबडा उजेड दिसतो आणि स्पीकर बंद पडतात. तिथेही अडकलेला स्विचच असतो. त्या जॅकमध्ये प्रकाशावर चालणारं डिजिटल आउटपुट आहे आणि तेच चालू राहिलेलं असतं.

साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. टाचणी, सेफ्टी पिन असलं धातूचं काही आत घालू नका. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेने आतला ओलावा वाढतो. गंज असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला बारीक ब्रश फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. बाटली शंभर-दीडशे रुपयांना मिळते आणि वर्षभर पुरते.

दुकानातले दर

खालचे आकडे पुण्या-मुंबईच्या छोट्या आणि मध्यम दुकानांत साधारण सांगितले जातात तसे आहेत. गाव आणि मॉडेल बदललं की आकडा हलतो, पण दोन कामांमधलं अंतर बहुतेक तेवढंच राहतं.

नुसतं चेकिंग दोनशे ते पाचशे. काम तिथेच करून घेतलं तर ही रक्कम बिलातून वजा करणारे दुकानदार बरेच आहेत; आधी विचारा. ड्रायव्हर टाकून द्यायला दोनशे ते चारशे. याच टप्प्यावर ‘फॉरमॅट मारून देतो, पाचशे-आठशे होतील’ असं हमखास ऐकायला मिळतं. फक्त आवाजासाठी फॉरमॅट करायला मी कोणालाही सांगणार नाही. वर सांगितलेली उबुंटूची किंवा कंपनीच्या तपासणीची परीक्षा पास झाली असेल आणि ड्रायव्हरचे सगळे उपाय थकले असतील, तरच ते करावं, आणि तेही फोटो, टॅलीचा डेटा, मुलांची प्रोजेक्टं यांची प्रत दुसरीकडे ठेवल्यावर. फॉरमॅटची मजुरी थोडी असली तरी गेलेला डेटा कितीही पैसे दिले तरी परत येईल याची खात्री नसते.

स्पीकरची जोडी बदलायला नेहमीच्या मॉडेलांत भागाचे पाचशे ते दीड हजार आणि मजुरीचे तीनशे ते सहाशे. आवाज फाटल्यासारखा येत असेल, मोठा केला की थरथर होत असेल, तर पडदा फाटलाय किंवा स्पीकर जागेवरून सुटलाय. सुटला असेल तर नुसत्या मजुरीत काम होतं. या स्पीकरचा रोध साधारण चार किंवा आठ ओहम असतो, आणि मल्टीमीटर लावून तो मोजायला कारागिराला दोन मिनिटं लागतात. मीटरवर काहीच रीडिंग नाही म्हणजे आतली कॉइल तुटली. ‘स्पीकर गेलाय’ म्हणणाऱ्याला ‘मीटर लावून दाखवता का?’ असं शांतपणे विचारा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो.

जॅकचा खर्च तो कुठे बसवलाय यावर ठरतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक आणि एखादा यूएसबी पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर असतात. ती पट्टी बदलायला सगळे मिळून आठशे ते दीड हजार पुरतात. जॅक थेट मुख्य बोर्डावर झाळलेला असेल तर हजार ते दोन हजार. साउंडची आयसी बदलणं हे बोर्ड लेव्हलचं काम, गरम हवेच्या यंत्राने चिप उतरवून नवी बसवायची. त्याला दीड ते साडेतीन हजार सांगतात. अख्खा मदरबोर्ड म्हटलं की आठ-दहा हजारांपासून पुढे कुठेही. कंपनीच्या सेंटरमध्ये बऱ्याचदा बोर्ड दुरुस्त करण्याऐवजी बदलूनच देतात, त्यामुळे वॉरंटी संपलेल्या मशीनसाठी तिथलं अंदाजपत्रक पाहून धक्का बसतो. त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा.

बोर्ड बदलण्यात आणखी एक मोठा धोका आहे, तो कोणी आधी सांगत नाही. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही उघडत नाही. म्हणून दुकानात देण्याआधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ही की सापडते का ते पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. आवाजाच्या दुरुस्तीपायी बाळाच्या पहिल्या वर्षाचे फोटो गमावलेलं घर मी पाहिलं आहे.

दुरुस्तीपेक्षा स्वस्त वाट

चिप गेली, जॅक गेला, पण लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट चालू आहेत, तर यूएसबी साउंड कार्ड घ्या. अंगठ्याएवढी वस्तू, साधी दीडशे ते चारशेला, बरी हजाराच्या आसपास. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे ती सहज मिळते. विंडोज तिच्यासाठी वेगळा ड्रायव्हर मागत नाही. लॅपटॉपची जुनी चिप बाजूला राहते आणि आवाजाचं सगळं काम ही वस्तू करते. पाच-सहा वर्षं जुन्या मशीनवर आयसीसाठी तीन हजार घालण्यापेक्षा मी दर वेळी हीच सुचवतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; ज्या मशीनवर विंडोज ११ चालतच नाही त्यावर मोठा खर्च करणं तर मला पटतच नाही.

घेताना दोन गोष्टी पाहा. स्वस्त कार्डांना माइक आणि हेडफोनची दोन वेगळी भोकं असतात, आणि मोबाइलच्या एकाच पिनच्या हेडफोनचा माइक त्यात चालत नाही. त्यासाठी शंभर-दीडशेचा स्प्लिटर लागतो, किंवा एकाच भोकाचं कार्ड घ्यावं. दुसरं, कडक दांडीऐवजी बोटभर वायर असलेलं कार्ड बरं. मांडीवर लॅपटॉप घेतल्यावर धक्का लागून पोर्ट मोडत नाही.

फक्त स्पीकर गेले असतील आणि जॅक चांगला असेल तर यूएसबीवर वीज घेणारी छोटी स्पीकरची जोडी पाचशे ते आठशेत येते. घरातल्या वयस्कर माणसांसाठी मला ती ब्लूटूथ स्पीकरपेक्षा जास्त आवडते. चार्ज करायला नको, जोडणी तुटली म्हणून मुलाला फोन करायला नको. मात्र बाहेरच्या स्पीकरमध्ये ‘हम्म’ असा सलग आवाज येऊ लागला तर आधी चार्जर काढून पाहा. हम्म थांबला तर बहुधा लॅपटॉप निर्दोष आहे; इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, ते तसंही करून घ्यायलाच हवं.

माइकबद्दल थोडक्यात. लोकांना तुमचा आवाज जात नसेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी पाहा, आणि कीबोर्डवर माइकची फुली असलेल्या बटणाचा दिवा लागलाय का ते पाहा. ब्लूटूथ हेडफोन मीटिंग सुरू होताच जुन्या टेलिफोनसारखा वाजू लागला तर तो बिघडलेला नाही. माइकही त्याचाच वापरला की जोडणी हलक्या दर्जाच्या आवाजावर उतरते. माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने आवाज पूर्ववत होतो.

वॉरंटी, बिल आणि तक्रार

सिरीयल नंबर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट कळतं. पहिल्या वर्षात असाल तर बाहेरच्या कोणालाही स्क्रू उघडू देऊ नका. सांडलेलं पाणी किंवा चहा आणि पडून झालेली मोडतोड साध्या वॉरंटीत बसत नाही, बाकी स्पीकरचा दोष बसतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. तिथे सहभागी कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती एकत्र मिळते.

मशीन देताना जॉबशीट मागा. त्यावर सिरीयल नंबर, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत आणि अंदाजे खर्च लिहिलेला हवा. ‘या रकमेच्या वर जायचं झालं तर आधी फोन करा’ हे वाक्य त्याच कागदावर लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. नवा ओरिजिनल, कंपॅटिबल की दुसऱ्या मशीनमधून काढलेला, हे बिलावर यायला हवं, आणि भागाची हमी किती दिवसांची तेही. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार जीएसटी लावत असेल तर बिलावर पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. क्रमांक नसेल तर तो अठरा टक्के मागूच शकत नाही.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीतही बोलता येतं. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची.

आणि दुरुस्त झालेला लॅपटॉप घ्यायला जाताना तोच जुना हेडफोन खिशात ठेवा. पैसे देण्याआधी काउंटरवरच स्पीकरवर एखादं गाणं पूर्ण आवाजात लावा, डावा-उजवा दोन्ही वाजतात का ऐका, हेडफोन घाला, काढा, स्पीकर लगेच परत वाजतात का पाहा, माइकवर दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐका, आणि एकदा रीस्टार्ट करून हे सगळं पुन्हा करा.